पाहुणा ओळखणारं मशीन

खोक्यांच्या कारखान्यातल्या कापायच्या मशीनला कोणी येणार असलं की आधीच कळायचं. मशीन थांबलेलं असायचं, माणसं बाजूला असायची, आणि मध्येच वरचं पातं धाडकन खाली यायचं, नुसती हवा कापायचं आणि परत वर जाऊन गप्प बसायचं. मग थोड्याच वेळात शटरवर थाप पडायची. दारात कधी पुठ्ठेवाला, कधी टेम्पोवाला, तर कधी मालकांचा एखादा लांबचा नातेवाईक.

त्या मशीनवर बसणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत. आज सकाळी आल्या आल्या मावशींनी आपलं स्टूल उचललं आणि पार भिंतीशी नेऊन ठेवलं.

"शेठ, मी काही आता त्याच्यापुढे बसत नाही. काल बोटं थोडक्यात वाचली. त्याच्यात कोणीतरी आहे."

"अहो मावशी, पुठ्ठा कापायच्या मशीनमध्ये कोण येऊन राहणार? आत काही सोय तरी आहे का?" मालक हसले. पण हसले ते चांगले चार हात लांब उभे राहून.

कारण गोष्ट एकट्या मशीनची नव्हती. संडासातला पंखा लावला की गोदामातला बंद पडलेला स्पीकर लांबलचक सुस्कारा टाकायचा, एखाद्या दमलेल्या म्हाताऱ्यासारखा. मागच्या रिकाम्या खोलीतला दिवा बटण बंद केलं तरी विझायचा नाही; लालसर व्हायचा आणि तसाच बघत राहायचा. गोदामात आता कोणी एकटं जात नव्हतं. संडासात जाणारा माणूस आधी ओरडून सांगायचा, "पंखा लावतोय रे!" आणि मग सगळा कारखाना कान टवकारून बसायचा.

शेवटी मालकांनी वायरमन बोलावला. आली ती एक उंच, धिप्पाड बाई. खांद्याला पिशवी, कमरेला पक्कड आणि तोंडाने सतत काहीतरी पुटपुटणं.

"इथली सगळी वायरिंग माझ्या भावाने केलीय बरं का," मालकीणबाईंनी ऑफिसच्या दारातूनच सांगून टाकलं. "घरचं काम म्हणून जीव ओतून केलंय त्याने."

मालकांनी खाली मान घालून पुठ्ठ्याचा एक तुकडा निरखायला घेतला. मेहुण्याचा विषय निघाला की त्यांना नेहमी असलंच काहीतरी महत्त्वाचं काम आठवायचं.

वायरमनबाईंनी शिडी लावली, छताची एक फळी सरकवली आणि डोकं आत घातलं. पुटपुटणं एकदम थांबलं.

"काय दिसतंय?" मालकांनी खालून विचारलं.

"जीव ओतलेला दिसतोय."

वर अंधारात वायरींचं जंगल माजलं होतं. सगळ्या वायरी पिवळ्या. कुठली कुठून निघाली आणि कुठे गेली, याचा काही पत्ता नाही. जोडांना गुंडाळली होती ती खोकी बंद करायची चिकटपट्टी, आणि तिच्यावर जागोजागी छापलेलं होतं : नाजूक वस्तू, जपून हाताळा.

मग त्यांनी भिंतीवरचा फ्यूज उघडला. आत तारेच्या जागी केसांची एक जाड पिन वाकवून बसवली होती. टोकाला हिरवा मणी.

मालकीणबाई पुढे आल्या. पिन बघून त्यांचा आवाज बारीक झाला. "अहो, ही माझी आहे! घर पालथं घातलं मी हिच्यासाठी. मोलकरणीवर संशय घेतला!"

"मेन बंद करते," वायरमनबाई म्हणाल्या आणि त्यांनी दांडा खाली ओढला.

दिवे गेले. पंखे फिरत फिरत थांबले. पत्र्याच्या फटींतून आलेल्या उजेडात धूळ तेवढी हलत होती. एवढी शांतता त्या शेडमध्ये कोणी कधी ऐकली नव्हती. वायरमनबाईंनी मशीनचं झाकण उघडण्यासाठी पात्याखालून हात घातला.

"हात काढा!" मावशी ओरडल्या.

"अहो, मेन बंद आहे."

"ते गुणगुणतंय! काढा हात!" आणि उत्तराची वाट न बघता मावशींनी बाईंच्या कमरेचा पट्टा धरून त्यांना मागे खेचलं. दोघी पुठ्ठ्यांच्या ढिगावर आडव्या झाल्या. धाडकन पातं खाली आलं. वायरमनबाईंच्या स्क्रूड्रायव्हरची मूठ तुटून जमिनीवर घरंगळत गेली.

आणि मग शटरवर थाप पडली. ठक. ठक. ठक.

"को... कोण आहे?" मालकांनी विचारलं.

"मी."

"मी कोण?"

"अहो भाऊजी, मी! ताईने फोन केला म्हणून आलो. उघडा की!"

शटर वर गेलं. दारात मालकीणबाईंचा भाऊ उभा होता, नीटनेटका भांग पाडलेला.

वायरमनबाई उठल्या. "तुम्ही आत्ता बेल दाबलीत?"

"दाबली. पण ती वाजत नाही ना, म्हणून थाप मारली."

"वाजते की. तिकडे वाजते." त्यांनी पात्याकडे बोट केलं. "सगळे लांब व्हा. हं, दाबा परत."

त्याने दाबली. पातं धाडकन खाली आलं.

"पण मेन तर बंद आहे!" मालक म्हणाले.

"मशीनला मी ऑफिसच्या मीटरवरून वेगळी लाइन दिलीय," भाऊ अडखळत म्हणाला. "मेन सारखा पडायचा, म्हणून."

"यांचा हात गेला असता आत्ता," मालकीणबाई म्हणाल्या. "काम बंद. बाई, एकही वायर ठेवू नका, सगळं उपटा. आणि तू ये आत, कुठे काय जोडलंयस ते दाखव त्यांना."

भाऊ उंबऱ्यावरच घुटमळला. "नको ताई. इथूनच सांगतो."

"का?"

"खरं सांगू? मी इथलं काम मध्येच सोडलं ना, ते पाठदुखीमुळे नाही. मला भीती वाटायची इथे. एक वायर जोडली की भलतीकडेच काहीतरी हलायचं. परत तो सुस्कारा! ताई, शपथेवर सांगतो, या जागेला बाधा आहे."

मालकांनी आशेने बायकोकडे पाहिलं, पण बोलायचा धीर काही झाला नाही.

"होती रे बाधा," मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या. "दर रविवारी जेवायला यायची."