भिऊन राहणारे बबनमामा

बबनमामांच्या खोलीत राहायला आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी चहा मिळत नसे. मिळायची ती काठी. काठीला घुंगरं बांधलेली. ती हातात देऊन मामा म्हणायचे, "ही कुठंबी जाताना सोडायची न्हाई. आन् भिऊन ऱ्हावा."

दुसरे लोक 'सुखी राहा' म्हणतात, तसं ते हे म्हणायचे. कुणी नमस्कार केला तरी हाच आशीर्वाद.

मी येडगावच्या शाळेत बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या एका बाईंच्या जागी काही महिन्यांसाठी शिकवायला आले होते. राहायला मामांच्या खोल्यांशिवाय दुसरं काही नव्हतं. त्यांच्या घराशेजारी, उसाच्या कडेला, एका रांगेत चार खोल्या. प्रत्येकीत खाट, गादी, टेबल, खुर्ची, आरसा, बादली. सगळं सामान तयार, माणसानं फक्त कपडे घेऊन यायचं. खतं विकणारे, धरणाच्या कामावरचे, मोजणीवाले असे येऊनजाऊन असणारे लोक तिथं उतरत.

खाट मात्र पंख्याखाली नसायची. पंखा पडला तर? म्हणून वारा सगळा टेबलाला, आणि माणूस कोपऱ्यात घामाघूम. बूट घालण्याआधी तीनदा आपटायचे, विंचू असतो. मोबाइल चार्जिंगला लावून झोपायचं नाही, भडका उडतो. धरणाचं पाणी वाढलं की मामा आपली ट्रंक माळ्यावर चढवायचे, आणि आमच्या बॅगाही.

या सगळ्यांच्या वर बिबट्या. त्याचं नाव ते घ्यायचे नाहीत. नुसतं 'त्यो' म्हणायचे. "सांजच्याला त्यो रस्त्यावर असतो. त्येच्या आत घरी यायचं." संडास खोल्यांच्या मागं होता, तिथं जाताना मोठ्यानं गाणं म्हणण्याचा नियम होता. माझ्या आधी राहून गेलेल्या एका इंजिनिअरला गाणंच येत नव्हतं, म्हणून तो पाढे म्हणायचा. एकोणतीसच्या पाढ्यात अडकला की तिथूनच ओरडून मामांना विचारायचा. मामांनाही येत नसे, पण आवाज चालू राहावा म्हणून ते काहीतरी आकडा ठोकून द्यायचे.

मी हसायचे. शाळेत सहकाऱ्यांना मामांची नक्कल करून दाखवायचे. पण खरं सांगायचं तर दोनतीन आठवड्यांत मीही बूट आपटू लागले. भीती त्या घरात सर्दीसारखी लागायची.

रांगेतल्या शेवटच्या, चौथ्या खोलीत हिवाळ्यात जुन्नरचे नसीरभाई येत. कापूस पिंजून गाद्या भरण्याचं त्यांचं काम. आसपासच्या गावांत फिरायचं म्हणून दरवर्षी थोडे दिवस मुक्काम. मामांच्या वयाचेच, साठीच्या पुढचे. मामा त्यांच्याशी रोज भांडत. "नसीर, तुझ्या कापसाला आग लागली तर माजा पत्रा उडंल." नसीरभाई म्हणायचे, "बबन, तू अगोदर भीतीनं मरशील. मग आग लागंल."

त्या रविवारी रस्त्यापलीकडे ऊसतोड चालू होती. नसीरभाई दोन दिवस तापानं अंथरुणात होते. तिसरी खोली सकाळीच रिकामी झाली होती. मामांनी ती फिनाईलनं धुऊन दार उघडं टाकलं होतं. मी अंगणातल्या नळावर कपडे धूत होते.

एकदम उसातून आरडाओरडा उठला. "आला, आला! तिकडं गेला!" मी मान वर केली आणि माझ्यापासून दहाबारा पावलांवरून काहीतरी पिवळं, लांब, आवाज न करता सरकन गेलं. तिसऱ्या खोलीत शिरलं.

ओसरीवर मामा बादली घेऊन उभे होते. त्यांनी बादली खाली ठेवली. अगदी हळू, वाजू न देता. पुढं झाले, दार ओढलं आणि कडी घातली. मग मात्र धावत सुटले. मला दंडाला धरून त्यांनी आपल्या घरात ओढलं, आतून दार लावलं आणि जमिनीवर बसले.

मी वनखात्याला फोन केला. "निघालोच," तिकडून उत्तर आलं, "तोवर कुणी आवाज करू नका."

तेवढ्यात चौथ्या खोलीतून खोकला आला.

त्या खोल्यांच्या मधल्या भिंती पत्र्यापर्यंत नेलेल्या नव्हत्या. हवा खेळती राहावी म्हणून वर चांगली हातभर जागा सोडलेली. बिबट्याला तेवढी पुरे.

"नसीर," मामा म्हणाले. उठले. पुन्हा बसले. पुन्हा खोकला.

"मामा, माणसं येतायत," मी म्हटलं.

"त्यो खोकला आयकून वरनं उडी घील, बाई." त्यांच्या पायजम्याचे पाय वाऱ्यात हलावेत तसे हलत होते. "कडी लावून घ्या. मी हाक मारल्याबिगर उघडायची न्हाई."

काठीही न घेता ते मागच्या बाजूनं, भिंत धरत धरत गेले. खिडकीतून मी त्यांना चौथ्या खोलीत शिरताना पाहिलं. आता नसीरभाईंना घेऊन बाहेर पडतील, असं वाटलं. कुणीच बाहेर आलं नाही. खोकलाही थांबला. ती शांतता मला खोकल्यापेक्षा वाईट वाटली.

वनखात्याची गाडी आली. तोवर रस्त्यावर गर्दी जमली होती, तिला खात्याच्या माणसांनी मागं हटवलं. तिसऱ्या खोलीच्या खिडकीच्या फटीतून बेशुद्धीचं इंजेक्शन मारलं. आत धडाधड आवाज झाले, टेबल उलटलं, मग सगळं थांबलं. बराच वेळ वाट पाहून जनावर जाळीत गुंडाळून पिंजऱ्यात घातलं. गाडी गेली. मग चौथ्या खोलीचं दार उघडलं.

मामा खाटेवर बसले होते. नसीरभाईंचं डोकं त्यांच्या छातीशी दाबून धरलेलं, दोघांवर मिळून एक गोधडी. "मामा, सुटा आता," म्हणत लोकांनी त्यांचा हात सोडवला. उभे राहिले तेव्हा पायजमा पुढून ओला होता. "पानी सांडलं," मामा म्हणाले. खोलीत पाण्याचा तांब्या नव्हता. गर्दीतलं एक पोरगं हसलं, त्याला कुणीतरी मागं ढकललं.

मामा आंघोळीला गेले तेव्हा नसीरभाईंनी मला सांगितलं, "मला उचलायला गेला तर खाट करकरली. पलीकडून जनावरानं भिंत ओरबाडली, माती खाली पडली आमच्या अंगावर. तसा बबन जागीच बसला. खोकला दाबायला माझं तोंड छातीत धरलं आणि कानात कुजबुजायला लागला. मी समजलो, देवाचं नाव घेतोय."

"मग?"

"कसलं देवाचं! भाडेकऱ्यांची नावं. 'पह्यल्या खोलीत जोशीसायेब व्हते, त्यांना कारलं लई आवडायचं. त्यांच्या पोरीचं लगीन झालं असंल आता. दुसरीत नगरचा इंजिनेर, त्येला आई न्हवती.' असं एकेक. कितीतरी वर्षांची माणसं. कोण कुठल्या कुशीवर झोपायचं, कोण झोपेत रडायचं. सगळं याच्या ध्यानात."

दिवस मावळायला आला तेव्हा नसीरभाईंचा मुलगा जुन्नरहून जीप घेऊन आला. बातमी तिथं पोचली होती. वडिलांना आता एक घटकाही इथं ठेवणार नाही, म्हणाला. मामा म्हणाले, "बराबर हाय. न्या." त्यांनी स्वतः नसीरभाईंची पिशवी आणि गोधडी जीपमध्ये ठेवली, त्यांना आधार देऊन बसवलं, मफलर गुंडाळला. दार लावलं, पण दारावरचा हात काढेनात.

"घरी पोचला की फोन कर," मामा म्हणाले.

"करतो की."

"समदी म्हनत्यात करतो. कुनी करत न्हाई."

त्यात तक्रार नव्हती. पाऊस पडत नाही म्हणावं, तसं म्हणाले. मुलानं गाडी चालू केली. नसीरभाईंनी मुलाच्या खांद्यावर थोपटलं, दार आतून ढकललं आणि तापलेल्या अंगानं, हळूहळू, खाली उतरले.

"अब्बा?" मुलगा म्हणाला.

"तू जा. सकाळी ये." आणि मामांच्या दंडाला धरून नसीरभाई म्हणाले, "चल आत. तुझ्याच घरात झोपतो आज. मला थंडी वाजतीय."