होप लावू का विश?

माणसाची निम्मी दुःखं 'होप' आणि 'विश' या दोन इंग्रजी शब्दांतला फरक न कळल्यामुळे होतात, असं उत्तरेश्वर सरांचं ठाम मत होतं. (उरलेली निम्मी पार्किंगमुळे.) कसबा पेठेत एका पिठाच्या गिरणीवर त्यांचा इंग्रजी संभाषणाचा वर्ग चाले.

नियम सोपा होता. जे घडू शकतं त्याला 'होप', पुढे वर्तमानकाळ. जे घडणार नाही हे ठाऊक असूनही जीव हळहळतो, त्याला 'विश', पुढे भूतकाळ.

"सर, आमच्या जमिनीची मोजणी अडकून हाय," वारज्याच्या संभाजीने विचारलं. "होप लावू का विश?"

"अर्ज कधी केलात?"

"आज्यानं केला व्हता."

"विश," सर म्हणाले.

वर्गात आयटीतली शेफालीही होती. सरांचा तिच्यावर जीव होता आणि तिचा सरांवर. हे फळ्यावर कधी लिहिलं गेलं नाही, तरी सगळ्या वर्गाला पाठ होतं. प्रेम इंग्रजीतूनच करायचं, असा सरांचा दंडक होता (तेवढाच सराव). शनिवारी मात्र तिने तो मोडला.

"अहो, उद्या मला बघायला येतायत. तुम्ही या आणि बाबांशी बोला. मला एकटीला नाही जमणार."

"येतो," सर म्हणाले. मराठीत म्हणाले, यावरून प्रसंगाचं गांभीर्य ध्यानात यावं.

रविवारी सर इस्त्रीचा शर्ट घालून शेफालीच्या घरी जायला स्वारगेटला वारज्याच्या बसमध्ये बसले. बस हलणार तोच शेफालीचा मेसेज आला. पोह्यांच्या बश्या भरता भरता घाईत टाईप केलेला. 'आय विश यू वॉज हिअर.'

सरांनी तो पुन्हा पुन्हा वाचला. होप नव्हे, विश. पुढे भूतकाळ. म्हणजे आपण तिथे पोचणं अशक्य आहे, हे तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. आता जाऊन दारात उभं राहिलं तर तिचं वाक्य खोटं पडणार, आणि आपल्याच विद्यार्थिनीचं वाक्य खोटं पाडणं सरांच्या जिवावर आलं. ते बसमधून उतरले. त्यांना रडू येत होतं. तशातही त्यांनी कर्तव्यात कसूर केली नाही, लगेच उत्तर पाठवलं: 'यू वॉज नव्हे, यू वर.'

संध्याकाळी तिचा मेसेज आला. 'माझं लग्न ठरलं. आय होप यू आर हॅपी.'

होप, पुढे वर्तमानकाळ. एकही चूक नव्हती. सोमवारी सरांनी ते दुसरं वाक्य आदर्श म्हणून फळ्यावर लिहिलं, आणि समजावताना त्यांच्या ध्यानात आलं की इथे खरं तर विश हवं होतं.

आपण सरांना हसत असाल, तर खुशाल हसा. फक्त एवढं आठवा, की शेफालीचा पहिला मेसेज वाचताना आपल्याला ती दाराकडे डोळे लावून बसलेली दिसली, की आधी 'वॉज' खटकला? न खटकणाऱ्यांच्या बाबतीत अजून होप आहे. बाकीच्यांसाठी गिरणीवरच्या वर्गात एक खुर्ची रिकामी झाली आहे. शेफालीची.