नाडकर्णीबाईंची डबेतपासणी

नाडकर्णीबाई कुणाच्याही घरी गेल्या की चपला काढून थेट स्वयंपाकघरात जातात आणि फळीवरचे स्टीलचे डबे एकेक करून कानाशी हलवतात. झाकण उघडत नाहीत. "उघडणं असभ्यपणाचं," असं त्यांचं म्हणणं. मग निकाल ऐकू येतात. "रवा. ठीक." "पोहे तळाला गेलेत, अनघा." अनघा माझी बायको. आमच्याकडे हे इतक्या वेळा झालंय, की बेल वाजली की माझी मुलगी इथल्या इंग्रजीतलं 'लाह' जोडून आतून ओरडते, "बाबा, ऑडिट आलं लाह."

खरं तर ऑडिट हा माझा धंदा. इथे परदेशात, तांजोंग पगार भागातल्या एका ऑफिसात मी हिशेब तपासतो. बाई हौगांगला आमच्याच ब्लॉकमध्ये दोन मजले वर राहतात. सत्तरी ओलांडली आहे. शाळेत इतिहास शिकवायच्या. नवरा गेला, मुलगा कॅनडात. स्वस्थ बसणं त्यांना जमत नाही. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, जागा रिकामी असली तरी दाराशी उभ्या. लिफ्टला जरा उशीर झाला की जिना. आमच्याकडचा चहासुद्धा खिडकी ते सिंक फेऱ्या मारत पितात. बशी कुठे ठेवली ते नंतर आम्ही शोधतो. जेवायला थांबा म्हटलं की "माझं घरी झालंय." आणि त्यांच्या घरी गेलं तर चहा बाहेरच्या खोलीत. त्यांच्या स्वयंपाकघरात आमच्यापैकी कुणीच कधी गेलं नव्हतं.

त्यांच्या डोक्यात मात्र सतत विलायतेतले गरीब असतात, तेही कारखान्यांच्या काळातले. एम.ए.ला तोच विषय होता, तो अजून सुटलेला नाही.

आम्ही काही मराठी घरं मिळून एक छोटा मदतनिधी चालवतो. कुणाची नोकरी गेली, आजारपण आलं, तर किराणा, शाळेची फी, वेळ पडली तर परतीचं तिकीट. हिशेब माझ्याकडे. पहिल्याच बैठकीत मी सुचवलं, की मदत मागणाऱ्याने बँकेचं स्टेटमेंट जोडावं. लोकांचे पैसे वाटायचे तर पडताळणी हवी, असं मला आजही वाटतं.

फेऱ्या मारणाऱ्या बाई थांबल्या.

"अठराशे चौतीस," त्या म्हणाल्या.

"काय?"

"त्या सालचा विलायतेतला कायदा बोलताय तुम्ही. मागणारा लबाडच असणार, असं धरून चालायचं. मदत हवी? मग दरिद्रीगृहात या. नवरा एका भागात, बायको दुसऱ्या, पोरं तिसऱ्या. पेज इतकी पातळ, की बाहेर उपाशी राहणं बरं वाटावं. चौतीससाहेब, तुमचं स्टेटमेंट म्हणजे त्याच पेजेची वाटी."

तेव्हापासून मी चौतीससाहेब. आता निम्मा हौगांग मला याच नावाने ओळखतो.

पुढे मग त्यांची नेहमीची गोष्ट. नंतर एका चॉकलेट-कारखानदाराने आपल्या गावात घरोघर माणसं पाठवून मोजदाद करवली. तेव्हा कळलं, की पुष्कळसे गरीब आळशी नाहीत, दारुडे नाहीत. दिवसभर राबतात आणि मजुरीच पोटाला पुरत नाही. "मोजलं म्हणून कळलं," बाई म्हणाल्या. "मोजा ना. मी कुठे नको म्हणते? पण कागद नका मोजू. घरी जा."

मोजदाद म्हटल्यावर मीही घरी जायचं कबूल केलं.

मागच्या वर्षी जुरोंग ईस्टच्या समीरची नोकरी गेली. महिनाभरात दुसरी मिळाली नाही तर कामाचा पास संपून देश सोडावा लागणार होता. त्याने स्वतः काही मागितलं नव्हतं. कुणीतरी आमच्या कानावर घातलं. मी आणि बाई गेलो. घर लख्ख. समीरच्या बायकोने, ऋचाने, वेलची घातलेला चहा आणि ताटलीभर चिवडा पुढे केला. "आमचं छान चाललंय," समीर दोनदा म्हणाला. मला ते पटलं. बाई तोवर स्वयंपाकघरात पोचल्या होत्या.

मागोमाग गेलो, तर फळीवर डब्यांची रांग आणि बाईंच्या कानाशी एक डबा. आवाज नाही. दुसरा हलवला. आवाज नाही. ऋचा ओट्याला टेकून खाली बघत होती.

"वेलची कुणाची?" बाईंनी हळूच विचारलं.

"शेजारची," ती म्हणाली.

परतताना एमआरटीत बाई नेहमीसारख्या दाराशी उभ्या होत्या. "आपल्या लोकांची पंचाईत वेगळी आहे, चौतीससाहेब. ते गरिबीचं सोंग आणत नाहीत, भरल्या घराचं आणतात. तुमच्या स्टेटमेंटमध्ये लबाड सापडतील. हे सापडायचे नाहीत."

समीरला शेवटच्या आठवड्यात नोकरी मिळाली. तोवरचा किराणा निधीतून गेला.

या मार्चमध्ये बाई जिन्यावर पाय मुरगळून पडल्या. डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून सांगितलं. अनघा आणि मी भेटायला गेलो. खुर्चीत बसवलेल्या बाई पहिल्यांदाच पाहिल्या. बोटं मात्र खुर्चीच्या हातावर चालूच होती.

"थांबा, चहा टाकते," म्हणून उठायला गेल्या आणि कळवळून खाली बसल्या.

"मी करतो," म्हणत मी आत गेलो.

"नको. साहेब, नको," त्या म्हणाल्या. पण मी तोवर पोचलो होतो.

चहा-साखर ओट्यावरच होती. फळीवर चकचकीत डब्यांची रांग: तांदूळ, तूरडाळ, रवा, पोहे, प्रत्येकावर सुबक अक्षरात चिठ्ठी. बिस्किटं शोधायला एक उचलला, तर हाताला हलका लागला. हलवला. मग शेजारचा. मग सगळे.

"कान शाबूत आहेत माझे," बाहेरून आवाज आला.

बाईंना पैशाची ददात नाही. त्यांच्या टॅक्सचा फॉर्म मीच भरतो, आकडे मला माहीत आहेत. तरी डबे रिकामे. मी चहा घेऊन बाहेर आलो.

"एकटीसाठी कुकर कोण लावणार?" त्याच म्हणाल्या. "खाली हॉकर सेंटरमध्ये तयार जेवण मिळतं. उभ्या उभ्या होतं."

"मग डबे?" अनघाने विचारलं.

"मुलगा आला तर दिसायला नको?"

शेवटी कधी आला होता, हे आम्ही विचारलं नाही.

"बाई, तुमची केस निधीकडे घ्यावी लागेल," मी म्हणालो.

"मी पात्र नाही. माझं स्टेटमेंट तुमच्याकडेच असतं."

"तुमच्या त्या चॉकलेटवाल्याने म्हणे स्वतःच सांगितलं होतं, की त्याचा हिशेब अगदी जेमतेम जगण्याचा आहे. परगावच्या मुलाला पत्र पाठवायचं तर पोस्टाचं तिकीटही त्यात बसत नाही. तुम्हीच सांगितलंत. सोबतीने जेवणंही त्यात बसत नाही."

खुर्चीच्या हातावरची बाईंची बोटं थांबली होती.

"जेवण किती वाजता असतं तुमच्याकडे?" त्यांनी अनघाला विचारलं.

पाय केव्हाच बरा झाला. बाई रोज साडेसातला येतात, अजूनही आधी डबे हलवतात. परवा पहिला घास घेऊन अनघा म्हणाली, आमटी अळणी झालीय. आम्ही कुणी उठायच्या आत बाई उठल्या, न बघता हात वर करून बरोबर मिठाचा डबा काढला. हलवला नाही, सरळ उघडला. चिमूटभर मीठ आमटीत टाकलं, डबा जागेवर ठेवला आणि परत येऊन बसल्या.