योसेफ टेबल सोडेना

सोमवारी सकाळी मिस्त्रीने योसेफाला उचलायला हात घातला, आणि योसेफाबरोबर टेबलही हललं.

आधी त्याला वाटलं, आपलाच हात कापतोय. सत्तरी उलटली की माणूस पहिला संशय स्वतःवर घेतो. त्याने चष्मा चढवला, योसेफाला दोन्ही खांद्यांना धरलं आणि बेताने वर ओढलं. टेबलावरची कपबशी किणकिणली. वीतभर उंचीचा लाकडी योसेफ, हातात काठी, दाढीचा रंग उडालेला, टेबलाच्या बरोबर मध्यावर उभा होता आणि हलायचं नाव घेत नव्हता. शेजारी मरिया होती. ती मात्र उचलल्याबरोबर हातात आली.

"झालं," मिस्त्री तिला म्हणाला. घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतंच.

आता हे दोघं तिथे आले कसे, ते सांगतो. त्या चर्चची रीत अशी, की नाताळाच्या आधी आठ संध्याकाळी मरिया आणि योसेफ घरोघर फिरतात. येशूच्या जन्माआधी मुक्कामाला जागा शोधत निघालेलं जोडपं ते. आज एका घरी, उद्या संध्याकाळी पुढच्या घरचे येऊन घेऊन जाणार, आणि चोवीस तारखेला दोघं चर्चमधल्या गोठ्यात. यादी वर्षानुवर्षं तीच. मिस्त्रीचं घर चर्चला लागून, म्हणून पहिलं. बायको गेल्यापासून तीन वर्षं त्याने पाळी चुकवली होती. एकदा ताप आला, एकदा घराला रंग द्यायला काढला, एकदा नुसताच दार उघडायला गेला नाही. या वर्षी रविवारी संध्याकाळी कारण सुचायच्या आत फादर दोघांची पेटी घेऊन दारात उभे.

त्याच दिवशी सकाळी फादरांनी वेदीपुढची गुलाबी मेणबत्ती पेटवली होती. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा तिसरा रविवार हा आनंदाचा, म्हणाले, घरी जा आणि आनंद करा. मिस्त्री घरी गेला. ओट्याशी उभ्याने पाव खाल्ला, बशी धुतली, घड्याळात बघितलं तर सव्वाबारा. पुढे काय करायचं ते फादरांनी सांगितलं नव्हतं. आनंद म्हणजे काय खिडकी आहे, की माप घेतलं आणि बसवून टाकली?

जेवायला तो टेबलाशी बसत नसे. ते टेबल त्याने लग्नानंतर स्वतःच्या हाताने केलेलं, सहा माणसांचं. सहाजणांच्या टेबलाला एकटा माणूस बसला की निकालाच्या दिवशी वर्गात एकट्यालाच थांबवून ठेवल्यासारखं वाटतं. पाच खुर्च्यांवर फळ्या, रंधे आणि जुने कपडे बसलेले असत. सहावी भिंतीकडे तोंड करून होती. मुलगी दूर गावी, दर रविवारी तिचा फोन. जेवलात का बाबा, औषध घेतलं का बाबा. या नाताळाला रजा मिळत नाही, हेही तिने त्याच रविवारी सांगितलं होतं. मिस्त्री म्हणाला होता, मला काय, मी मजेत आहे.

तर संध्याकाळी फादर प्रार्थना करून गेले, आणि मिस्त्रीच्या लक्षात आलं की योसेफाच्या पायाखालची पाटी तडकलीय. योसेफ धंद्याने सुतारच; सुताराच्या घरी सुतार आला, तोही मोडक्या पायाने. बघून गप्प बसवेना. तीन वर्षांनी त्याने लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं काढलं, सरस शिजवला, घरभर वास सुटला. वास काही अत्तराचा नव्हे, जनावराच्या हाडांचा तो, पण मिस्त्रीला बरं वाटलं. पाटी जोडली, दोरीने आवळली, योसेफाला टेबलावर उभं केलं आणि गाढ झोपला.

चूक कुठे झाली म्हणाल, तर पेपरात. चाळीस वर्षं मिस्त्री घरात सरस लावायला बसला की बायको खाली जुना पेपर सरकवायची. सरकवताना तोंडाचा पट्टा सुरू. मिस्त्रीला वाटायचं, काम आपलं आणि बडबड तिची. पेपर हाही कामाचाच भाग होता, हे त्याला त्या सोमवारी सकाळी कळलं. ओघळलेल्या सरसाने योसेफाला थेट टेबलाला चिकटवलं होतं.

दिवसभर त्याने पातळ सुरी घालून बघितली, दोरा घालून बघितला. ओढायला जावं तर पाटीचं ताजं काम उखडेल. पाचच्या सुमाराला दार वाजलं. बाई आल्या होत्या.

बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. अर्ध्या वस्तीला त्यांनी पाढे शिकवलेले, उरलेल्या अर्ध्याला कोपऱ्यात उभं केलेलं. यादी त्यांच्याकडे, आणि दुसरं घर त्यांचंच. मिस्त्रीने दार चार बोटं उघडलं आणि सांगितलं की योसेफाची तयारी झाली नाही, आज मरियेलाच घेऊन जा.

"नववा महिना लागलाय तिला," बाई म्हणाल्या. "एकटीला पाठवता?"

"गल्लीच्या टोकापर्यंत तर जायचंय."

"मिस्त्री, दार उघडा."

दार उघडलं. बाईंनी नाकाने एकदा हवा ओढली, टेबलाशी गेल्या, योसेफाला एका बोटाने ढकललं, मग मिस्त्रीकडे बघितलं. गृहपाठ न करता आलेल्या पोराकडे बघायची ती नजर. मिस्त्रीने खाली मान घालून सगळं सांगितलं, आणि शेवटी, न विचारता, आपला जोड आजवर कधी सुटलेला नाही हेही सांगितलं.

मग टेबलासकट नेऊ, असं ठरलं. पण टेबल त्याने त्या खोलीतच जोडलं होतं, आणि दार पडत होतं चार बोटं कमी. फादरांना बोलावलं. त्यांनी योसेफाला दोन्ही हातांनी हलवून बघितलं आणि म्हणाले, "या माणसाला सगळ्या गावात कुणी जागा दिली नव्हती. इथे मिळालीय तर राहू दे. ज्याची पाळी, तो इथे येईल."

त्या संध्याकाळी तीनच माणसं होती. बाईंनी एका खुर्चीवरचे रंधे उतरवले आणि बसल्या. प्रार्थना झाली, चहा झाला. जाताना त्या म्हणाल्या, खुर्ची डुगडुगतेय. लोकाच्या घरी सुतार आणि स्वतःच्या घरी पाहुणा, असं झालंय तुमचं.

मंगळवारी सकाळी चहाचं आधण ठेवताना मिस्त्रीच्या डोक्यात उजेड पडला. सरस. गरम पाण्याने सुटतो. ही गोष्ट सुतारकाम शिकायला लागलेल्याला दुसऱ्या दिवशी कळते. घाबरला की माणूस आपलं नावही विसरतो, तसं झालं होतं. त्याने किटली टेबलावर आणली, योसेफाच्या पायाशी वाफ धरली, पातळ सुरी टेकवली. कड मऊ पडली. केसभर फट दिसली.

आणि तिथे त्याचा हात थांबला. खोलीत किटलीचा तेवढा आवाज होता. संध्याकाळी टपालवाला यायचा होता. बायको, सासू आणि चार पोरं घेऊन. योसेफ सुटला म्हणजे टपालवाला दारातूनच त्याला उचलून नेणार, आणि मग सहा खुर्च्या, आणि रविवारचा फोन.

मिस्त्रीने किटली उचलली आणि त्या पाण्याचा चहा केला. मग बसून बाईंच्या खुर्चीचा पाय ठीक केला. उरलेल्या खुर्च्या उतरवल्या. सासूबाईंना उशी लागेल म्हणून उशीही शोधली.

टपालवाल्याच्या पोरांनी घर डोक्यावर घेतलं. बुधवारी शिंपीण आली तर टपालवाल्याची पोरंही पुन्हा आली, योसेफ सुटला का बघायला. गुरुवारी नळदुरुस्तीवाला आला, बरोबर सगळ्या वस्तीचे सल्ले घेऊन. जो तो योसेफाला ओढून बघणार, मग बसणार, मग बसायचाच. केक आले, सूपचं पातेलं आलं. मिस्त्री तोंडाने कुरकुरत होता की माझ्या घराची धर्मशाळा झाली, आणि दुपारी तीनपासून कप मांडून ठेवत होता.

गुरुवारीच घात झाला. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी, पुन्हा आलेल्या टपालवाल्याच्या सासूबाईंच्या हातून चहा सांडला. उकळता चहा, थेट योसेफाच्या पायाशी. मिस्त्रीने पुसायला फडकं घातलं, आणि योसेफ सरकला. बोटभर सरकला. त्याने चटकन योसेफाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच दाबून धरला. पहिलं गाणं झालं, वाचन झालं, दुसरं गाणं झालं. हाताला मुंग्या आल्या. लोक बघत होते. नळवाल्याच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला. काय ही भक्ती, म्हणाली, बायको गेल्यावर माणूस देवाजवळ जातो.

"हात दुखेल तुमचा," बाई म्हणाल्या.

"सवय आहे," मिस्त्री म्हणाला.

शुक्रवारी सकाळी त्याने दाराला आतून कडी घातली, खिडकीचा पडदा ओढला, आणि योसेफाला पुन्हा चिकटवलं. मुद्दाम. चाळीस वर्षांत चोरून केलेलं एवढं एकच काम. मरियेचं तोंड तेवढ्यापुरतं भिंतीकडे केलं होतं.

पण लोकांना आता मदतीची खाज सुटली होती. शनिवारी नळवाला नळ झाळायचा ज्वाळेचा दिवा घेऊन आला. म्हणाला, जरा शेक दिला की काय चिकटलेलं सुटत नाही? मिस्त्रीने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी बाई बोलल्या.

"रंग जाईल त्याचा. ठेवा तो दिवा."

नळवाल्याने ठेवला. तो बाईंच्याच वर्गातला.

चोवीस तारीख कुणाला चुकली नाही. गोठा मांडून तयार, गाय, गाढव, मेंढपाळ सगळे आपापल्या जागी, आणि घरधन्याची जागा रिकामी. सकाळीच फादर येऊन गेले. आता नाइलाज आहे मिस्त्री, म्हणाले, दुपारपर्यंत त्याच्या भोवतीचं टेबल कापून काढा, तुकड्यासकट उभा करू. बोलताना त्यांना वाईट वाटत होतं. मिस्त्रीने मान हलवली.

दुपारी त्याने करवत काढलीच नाही. किटली ठेवली. वाफ धरली, सुरी फिरवली, आणि दोन मिनिटांत योसेफ गुमान हातात आला. टेबलावर चौकोनी डाग राहिला. आठ दिवसांत घासून घासून चकचकीत झालेल्या टेबलावर तो डाग, आणि भोवती सहा खुर्च्या, सहाही मजबूत. मिस्त्री योसेफाला धरून उभा राहिला. संध्याकाळी सगळे आपापल्या घरी, आपापल्या माणसांत असणार. ज्याच्या त्याच्या घरी टेबल आहेच की.

"पाणी जरा जास्तच तापवलंत."

दार उघडंच होतं. बाई आत उभ्या, हातात कापडी पिशवी.

नुकतंच सुचलं, असं काहीतरी मिस्त्री म्हणायला लागला.

"माझे वडील पुस्तकं बांधायचे," बाई म्हणाल्या. "सरसाच्या वासात वाढले मी. सोमवारी आत आले तेव्हाच म्हटलं, एक किटलीचं काम आहे."

"मग बोलला का नाहीत?"

बाईंनी पिशवी टेबलावर ठेवली आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसल्या.

"पुढचं घर माझं होतं," त्या म्हणाल्या. "दरवर्षी न्यायचे दोघांना. कपाटावर ठेवायचे, दिवा लावायचा, गाणं म्हणायचं. एकटीने दोन आवाजांचं गाणं कसं म्हणतात, ते करून बघा एकदा."

मिस्त्रीने योसेफाच्या पायाखालचा ओला सरस फडक्याने पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिला.

"शुक्रवारी पुन्हा लावलात ना?"

"हो."

"कळलं मला. वाकडा लावलात."

त्यावर मिस्त्रीला राग यायला हवा होता. आजवर त्याच्या कामाला वाकडं कुणी म्हटलं नव्हतं. पण त्याला हसू आलं, आणि तीन वर्षांत वापरलेलं नसल्यामुळे ते खोकल्यासारखं बाहेर पडलं. मग म्हणाला, चला, घरधन्याला पोचवून येऊ, तुम्ही मरियेला घ्या.

"थांबा. हे आधी बघा," म्हणत बाईंनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. उंट होता. गोठ्यातला, तीन राजांपैकी एकाचा. त्याचा पुढचा पाय बाजूला निघालेला. फादरांना सांगून आणलाय, म्हणाल्या, मिस्त्रींकडे देते म्हटलं. राजे काही सहा जानेवारीच्या आत पोचत नाहीत, तोवर घाई नाही. पण कामावर लक्ष ठेवायला रोज कुणीतरी यायला पाहिजे. टपालवाल्याची पोरं विचारत होती.

मिस्त्रीने मोडलेल्या जागेवरून बोट फिरवलं. लाकूड ताजं होतं, पांढरं.

"हा कधी मोडला?"

"आज सकाळी."

"पडला?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पडून काही होईना त्याला. अर्धा तास लागला मला."