मधल्या मॅडम

परीक्षक अपर्णा मॅडमनी शिलाईची प्रॅक्टिकल परीक्षा मध्येच थांबवली, कारण कसं शिवायचं ते कुणीतरी रुक्मिणीला सांगत होतं.

दुसऱ्यानं सांगितलेलं शिवलं तर नापास, असा नियम. आणि नापास म्हणजे कडोदऱ्याच्या कारखान्यात रुक्मिणीनं पुन्हा उभ्यानं दोरे कापायचे. पास झाली तर मशीनवर बसायला मिळणार होतं.

संशय उखावर. उखा डिंडोलीच्या त्या परीक्षा केंद्रातला मशीन-मेकॅनिक, आणि हे मॅडमना आत्ता कळलं, रुक्मिणीचा सख्खा जेठ, म्हणजे थोरला दीर. नवागामला एकाच घरात राहून दोघं एकमेकांशी कधी बोलले नव्हते. जेठासमोर पदर नाकापर्यंत, आणि बोलणं तिसऱ्याच्या तोंडून.

"मी तिच्यासंगे एक शब्द बोललो नही," उखा म्हणाला. "आईची आन."

मॅडमनी परीक्षेचं रेकॉर्डिंग लावलं.

शिवणीला चुण्या पडताहेत. शेजारच्या मशीनमध्ये डोकं घातलेला उखा हवेत बोलतो, "मॅडम, तिले सांगा, वरचा दोरा घट्ट शे."

लगेच एक गोड आवाज, "रुक्मिणी, वरचा दोरा घट्ट आहे गं."

"कापड वढू नको म्हना."

गोड आवाज, "कापड ओढू नकोस."

रेकॉर्डिंग बंद. पुन्हा सुरू. आवाज मॅडमचाच.

"मंग आता नापास कोन?" रुक्मिणीनं पदराआडून विचारलं. चेष्टेनं नाही, घाबरून.

मॅडमनी वरिष्ठांना फोन करून स्वतःचीच तक्रार केली.  पलीकडून दाबलेल्या हसण्याचा खोकला. मग परवानगी: नवं कापड, पहिल्यापासून. उखा दाराबाहेर, पाठ करून. मशीन अडलं तर उमेदवारानं स्वतः मेकॅनिकला सांगायचं. मध्ये कुणी नाही.

शिवण सरळ निघाली. छान निघाली. आणि अर्ध्यावर खट्ट.

वेळ चालूच.

रुक्मिणीनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमचं तोंड सवयीनं उघडलं. त्यांनी त्यावर हात ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

ती उठली. दारापर्यंत गेली. पदर सारखा केला.

"दादा. मशीन बंद पडनं."

उखाची पाठ ताठ झाली. मग तो वळला, नजर जमिनीवर ठेवून मॅडमना शोधू लागला. मॅडम काही खिडकी सोडेनात. शेवटी पान्यांची पिशवी उचलून तो दाराच्या चौकटीला म्हणाला,

"तिले सांगा, मी येस आता."

चौकटीनं सांगितलं असावं. रुक्मिणी पदराआड हसत मशीनवर जाऊन बसली.