पेडणेकर सरांची टेस्ट ट्यूब

आमच्या बोरिवलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे पेडणेकर सर कुणाशी हात मिळवत नाहीत. पुढे आलेल्या हातात ते एक बंद टेस्ट ट्यूब ठेवतात. "मुठीत धरा." हाताच्या उबेने आतलं नितळ द्रावण दुधासारखं पांढरं होतं आणि सर खूश होतात. वेळ लागला तर मात्र तुमचं काही खरं नाही. एकदा ते प्राचार्यांनाच म्हणाले, "हात गार आहेत. नाश्ता केला नाहीत ना?"

आत असतं एक पॉलिमर. गार असेपर्यंत पाण्यात विरघळून राहतं, ऊब लागली की पाणी सोडून गोळा होतं. शेवटच्या वर्षाची मुलं ते स्वतः बनवतात, मग हळूहळू तापवून ते किती अंशांना पांढरं होतं हे लिहून काढतात. उन्हाळ्यात आमची लॅब अशी तापते की द्रावण कपाटातच पांढरं होऊन बसतं. मग सर मासळी बाजारातून बर्फ आणतात आणि अख्खा मजला बोंबलासारखा घमघमतो. शेजारच्या टेबलावर मी शिकवत असते, नाकाला रुमाल लावून.

पुस्तकातलं उत्तर बत्तीस अंश. मुलं न बघताच बत्तीस लिहितात. म्हणून सर द्रावणात गुपचूप मीठ टाकतात. मिठाने आकडा खाली येतो आणि सगळे बत्तीसवाले सापडतात.

"सर, वाट लावलीत यार आमची!"

"तुझी तूच लावलीस रे. दिसलं तेच लिहायचं!"

सरांची बायको वारली, आणि दोन वर्षांपूर्वी मुलगी शिकायला कॅनडाला गेली. तिच्या बॅगेत सरांनी अशीच एक ट्यूब ठेवली. "फोनवर ती नुसतं 'बरी आहे' म्हणते," सर मला म्हणाले. "हात धरून कोण बघणार? घर खायला उठतं हो." म्हणून प्रॅक्टिकल संपलं की लॅबमधूनच व्हिडिओ कॉल. तिने ट्यूब मुठीत धरायची, पांढरी झाली की फोन बंद. आधी हे रोज चालायचं. आता फक्त शनिवारी.

परवाच्या शनिवारी मी टेबल आवरत होते. तिकडे सकाळ होती, पोरगी कोट घालून दारात उभी.

"बाबा, झालं ना? बस जाईल माझी."

मी सरांच्या खांद्यावरून पाहिलं. तिच्या तळहातावरची ट्यूब पांढरीशुभ्र झाली होती.

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "नाय गो बाय. हयसून अजून पाणीच दिसता. धरून ठेव जरा."

तिने ट्यूबकडे पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं, आणि मूठ पुन्हा मिटली.