चिमाबाईंच्या शिळेस शब्द मिळेना, त्याची हकीकत

श्री. सांगत्याची जीभ आणि ऐकत्याचे कान देवाने धड ठेवावे. शके सतराशे चौदा, परिधावी नाम संवत्सरी, चैत्र वद्य पंचमीस सुभानजी पागादार घोड्यांच्या बाजारी एका कुमैत घोडीचे दात पाहात होते, तो राजधानीहून जासूद आला आणि म्हणाला, "पागादार, घरी चला. बाई गेल्या." सुभानजींनी घोडीचे तोंड हलकेच मिटले आणि मग विचारले, "कोण बाई?" कारण आपली बायको चिमाबाई जाईल ऐसे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. मग स्वारी दौडत घरी आली, तो अग्नी देऊन झाला होता.

त्या राज्याचा रिवाज ऐसा की, मानाच्या घरचे माणूस गेले म्हणजे तेराव्या दिवशी सभेने त्यास एक शब्द द्यावा आणि तो शिळेवर नावाखाली कोरून शिळा तळ्याकाठी उभी करावी. शब्द देणाराने दाखला द्यावा; शूर म्हटले तर कोठे, उदार म्हटले तर कोणास. आणि घरच्याचा शब्द धरीत नसत, कारण घरचा साक्षीदार रडू लागतो. शब्द नाही तर शिळा उभी नाही. परंतु दोन साले आधी टोपीकरांचा वकील दरबारी आला आणि नजराण्यात घड्याळ, आरसे आणि 'नाइस' ऐसा एक शब्द देऊन गेला. मग घड्याळ बंद पडले आणि आरसे फुटले, शब्द मात्र चढत गेला. महाराजांनी आंबा चाखला आणि नाइस म्हणाले, तोफ पाहिली आणि नाइस म्हणाले, मग ती तोफ फुटून गोलंदाज जायबंदी जाहला, तरी तोफ नाइस होती म्हणाले. आणि फर्मान निघाले की, हा शब्द परमुलखीचा पाहुणा, सबब यास दाखला मागू नये. मग खमंग, टुमदार, नेटका, लाघवी ऐसे जुने चाकर घरी बसले आणि रयतेस आठवण ठेवण्याची चाकरी माफ जाहली.

तेराव्या दिवशी सभा भरली आणि दिवाण आबाजीपंत उठून वदले, "चिमाबाई फार नाइस होत्या." मग सेनापती म्हणाले, "नाइस." मग खजिनदार म्हणाले, "नाइस म्हणजे काय, अगदीच नाइस." आणि पाथरवट छिन्नी घेऊन पुढे सरला. तेव्हा सुभानजी म्हणाले, "थांब रे. पंत, मी घोडे घेतो तेव्हा त्याची आई-आजी विचारून घेतो. या शब्दाची कोणी विचारली काय?"

"पागादार, शब्द आहे तो, शिंगरू नव्हे!" पंत म्हणाले आणि सभा हसली. परंतु महाराजांनी बाबुल शेणवी दुभाष्यास खूण केली आणि तो चाचरत बोलू लागला, "अभय असावे. हा शब्द मूळचा जुन्या रोमकरांच्या घरचा. तेथे याचा अर्थ, ज्यास काही ठाऊक नाही तो. मग फरासिसांकडे राहिला आणि मूर्ख जाहला. मग टोपीकरांकडे आला, तेथे आधी खुळा, मग नखरेल, मग चोखंदळ, मग नाजूक, ऐसा चढत चढत गोड जाहला."

"म्हणजे माझ्या बाईस काही ठाऊक नव्हते?" सुभानजींनी विचारले. मग तेच सावकाश म्हणाले, "नाही. सभेने खरेच सांगितले. पण ते बाईविषयी नव्हे, सभेविषयी."

तेव्हा चिकाच्या पडद्याआडून महाराजांच्या मातोश्री आईसाहेब बोलल्या, "मजपाशी दाखला आहे. घाटात माझी घोडी फेसाळली, तेव्हा तुझी बायको मला म्हणाली, आईसाहेब, खाली उतरा, त्या मुक्या जिवावर काय बसलात पोत्यासारख्या! आणि मला घाट चालविला. माझे जोडे हाती घेऊन सारी वाट बडबडत माझ्यासंगे चालली आणि मुक्कामी माझे पाय मांडीवर घेऊन तेल चोळीत बसली."

सुभानजींनी मान खाली घातली आणि म्हणाले, "हो. ऐशीच होती."

"मग शब्द?" महाराजांनी विचारले.

"फटकळ म्हणावे तर तेल आठवते," आईसाहेब म्हणाल्या, "आणि मायाळू म्हणावे तर ते पोते आठवते. मला शब्द सुचत नाही, बाबा."

"मग नाइसच बरे, म्हणजे दोन्ही त्यात आले," पंत म्हणाले. त्यावर सुभानजींनी पाथरवटाच्या हातची छिन्नी काढून घेतली आणि आईसाहेबांच्या पडद्यास मुजरा करून घरी गेले.

तात्पर्य इतकेच की, सभेपाशी दाखल्याविना शब्द होता आणि आईसाहेबांपाशी शब्दाविना दाखला होता. शिळेवर चिमाबाईंचे नाव कोरले आहे. शिळा पागेत भिंतीशी आडवी आहे. उभी करायची राहिली आहे.